अंगठ्यापुरतं

“तिला चालायचंय,” मधुसूदन म्हणाला.

प्रश्न कालिंदीला विचारला होता. डॉक्टर आपलं स्टूल पुढं ओढून तिच्या चाकाच्या खुर्चीसमोर गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ बसले होते आणि सरळ तिच्याकडं बघून त्यांनी विचारलं होतं, “कालिंदीताई, तुम्हाला काय हवंय?” तिनं तोंड उघडलंही होतं. काय म्हणणार होती ते तिलाच नीट ठाऊक नव्हतं, पण जिभेवर काहीतरी आलं होतं खरं. तेवढ्यात खुर्चीच्या मागून, नेहमीच्या नम्र, अर्ज वाचून दाखवावा तशा आवाजात उत्तर येऊन मोकळं झालं. उघडलेलं तोंड रिकामंच मिटायची लाज वाटून तिनं जांभई आल्यासारखं केलं. जांभई झाकायला हात वर गेला, आणि बोटं तोंडावर बसायची ती गालावर नुसती लोंबली.

“मी त्यांना विचारलं,” डॉक्टर म्हणाले. रागानं नाही.

“हो हो, तेच. तिच्या वतीनंच सांगतोय मी.”

डॉक्टर हसले नाहीत. पुण्याहून ते महिन्यातून एकदा इथं येत, हातांची ऑपरेशनं करत. वरच्या मजल्यावरून बोलावणं आलं म्हणून ते उठले. “एक पेशंट बघून येतो. तोवर दोघं बोलून घ्या. पण मला आज सांगा. उद्या केलं तर मी करू शकतो, नाहीतर मधले महिने मी परदेशी आहे, दिवाळीनंतरच इकडं येणार.” दार लोटलं गेलं. खोलीत मधुसूदन, ती, आणि कोपऱ्यात मांडीवर पिशवी घेऊन बसलेली, दिवसभर तिचं सगळं करणारी मनकर्णाबाई उरली. वर पंखा होता, तो वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त देत होता.

बोलून घ्या. कालिंदीला हसू आलं. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मधुसूदननं तिला क्रांती चौकाजवळच्या हॉटेलात नेलं होतं. पोऱ्या येऊन उभा राहिला आणि मधुसूदन म्हणाला, “एक मसाला डोसा, आणि यांना साधा, चटणी कमी.” नव्या नवरीनं हॉटेलात स्वतः मागवायचं नसतं असं तेव्हा तिलाही वाटत होतं, आणि आपल्यासाठी कुणीतरी असा विचार करतं याचं कौतुकही होतं. पुढं कौतुक गेलं, डोसा राहिला. तिला उत्तप्पा आवडतो हे मुलगा, अमेय, दहावीत जाईपर्यंत त्या घरात कुणाला माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यावर सगळ्यांना इतकं आश्चर्य वाटलं की तिनं पुन्हा तो विषयच काढला नाही. साडीच्या दुकानात, डॉक्टरकडं, शाळेच्या पालकसभेत मधुसूदन म्हणे, “आम्हाला असं वाटतं.” त्या आम्हाला-मध्ये ती असायची, रिक्षात मागं ठेवलेल्या सामानासारखी. यात दुष्टपणा कुठंच नव्हता. दुष्ट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

आता गोष्ट डोशाची नव्हती. एकीकडं हे डॉक्टर. ते म्हणत होते, तुमच्या कोपराखालचा एक स्नायू शाबूत आहे. त्याची दोरी खालून सोडवून अंगठ्याला बांधू. मग अंगठा बोटाच्या कडेवर दाबला जाईल, किल्ली धरावी तशी पकड येईल. बोटं नाही हलायची, फक्त अंगठा. आणि ओटीपोटातून एक कायमची नळी काढून मांडीला पिशवी बांधू. पिशवीला खाली छोटी तोटी असते, ती या अंगठ्यानं तुमची तुम्हाला उघडता येईल. दुसरीकडं अमेयनं शोधून काढलेलं दिल्लीकडचं सेंटर. तिथं मणक्यात पेशींची इंजेक्शनं देत, पायांना लोखंडी पट्ट्या बांधत आणि दोन दांड्यांच्या मध्ये उभं करून माणसाला चालवत. त्यांनी एक चित्रफीतही पाठवली होती. तिच्यात एक तरुण मुलगा घामेघूम होऊन चार पावलं टाकतो आणि मागं बासरी वाजते. बुधवारची तिकिटं काढून झाली होती. दोन्ही का नाही, असं मधुसूदननं विचारून बघितलं होतं. डॉक्टर म्हणाले, हात आधी प्लास्टरमध्ये राहील, मग तीन महिने त्याच्यावर भार टाकायचा नाही, आणि तिथं सगळा भार हातांवरच. “आणि खरं सांगू? ती इंजेक्शनं मी माझ्या घरच्या माणसाला देऊ देणार नाही. पण शरीर त्यांचं आहे.” त्यांचं म्हणजे कालिंदीचं. मधुसूदननं मात्र मान अशी हलवली, की ते आपल्यालाच म्हणाले.

ती आपल्या उजव्या हाताकडं बघत बसली. मांडीवर पालथा पडलेला. मनगट तिला उचलता येई, आणि मनगट वर उचललं की बोटं आपोआप थोडी आत वळत. ही युक्ती तिची तिनंच शोधली होती, तिसऱ्या का चौथ्या महिन्यात, पुस्तकाचं पान उलटायच्या नादात. त्या वळलेल्या बोटांत पोळीची सुरळी अडकते, पोस्टकार्ड अडकतं. ग्लास दोन मनगटांच्या चिमट्यात, देवाचं नाव घेत. एवढीच तिची कमाई. ऑपरेशन फसलं, आत बांधलेली दोरी सुटली, तर हीही जायची, हे डॉक्टरांनी लपवलं नव्हतं. आणि तो अंगठा! त्याची तर गंमतच होती. बाकीच्या बोटांना काही कळत नसे, पण अंगठ्याला सगळं कळे. चहाचा कप गरम, स्टीलचा डबा गार, मनकर्णाबाईचा हात खरबरीत. खिडकीत बसून रस्त्यावरचं सगळं बघणाऱ्या, पण जिना उतरता न येणाऱ्या म्हाताऱ्यासारखा तो अंगठा दोन वर्षं नुसता बसून होता.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी पाण्याचा वार होता. हर्सूलच्या पुढं त्यांनी प्लॉट घेतला तेव्हा समोर बाजरी होती. बाजरी जाऊन घरं आली, घरांवर घरं आली, पण जलवाहिनी काही त्यांच्या मागोमाग धावत आली नाही. त्या उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई आणि त्या दिवशी गल्लीत सण असे. नवं पाणी यायचं म्हणून कालिंदीनं सकाळीच शिळ्या पाण्याचा पिंप उपडा केला होता. सासूबाई होत्या तेव्हापासूनचं ते वळण. शिळं पाणी देवाला चालत नाही, शिळ्या पाण्यात वरण शिजत नाही. गल्लीतल्या सगळ्याच बायका पाण्याच्या वारी भल्या सकाळी उरलेलं पाणी ओतून देत आणि मग दिवसभर दुष्काळाबद्दल बोलत. मोटर लावली, वरची टाकी भरली, आणि टाकी भरली की पाणी अडवणारा बॉलकॉक अडकल्यानं पाणी भिंतीवर धो धो वाहू लागलं. समोरच्या पुंडलिकनं रस्त्यातूनच हाळी दिली, “ओ काकू, टाकी वाहायली! लोक मरायलेत पाण्यापायी!” मोटर बंद केली असती तरी भागलं असतं. नंतर तिला बघायला आलेल्या प्रत्येकानं हे तिला समजावून सांगितलं होतं, सफरचंदं सोलता सोलता. पण त्या क्षणी मोटर बंद करणं म्हणजे आलेलं पाणी परत पाठवणं. ती बादली घेऊन धावली, वाहणारं पाणी धरायला. गच्चीची लोखंडी शिडी ओली होती. पाय सटकला तेव्हा एक हात ओल्या पायरीवरून निसटला, आणि दुसऱ्या हातात बादली होती. ती सोडली असती तर तो हात शिडीला गेला असता. बादली सोडायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. शेजारपाजारचे म्हणाले, खाली पडून मान मोडल्यावरही कडी मुठीतच होती, सोडवून घ्यावी लागली. तिच्या बोटांनी जन्मात शेवटचं घट्ट धरलं, ते बादलीची कडी.

“बाई, वारा घालू का?” मनकर्णाबाईनं विचारलं.

“नको.”

“घाम आलाय की तुमाला.”

“उकाड्याचा आहे.”

मधुसूदन चटकन वळला. तिच्या कपाळावर हात ठेवून त्यानं बघितलं, मग भिंतीवरचं घड्याळ. घाम कसला आहे, हे त्या घरात फार महत्त्वाचं होतं. मूत्राशय भरलं की तिला ते कळत नसे. कळे ते डोकं ठणकायला लागल्यावर, कपाळावर घाम डवरल्यावर. म्हणून वेळेवर नळी घालून ते रिकामं करावं लागे, आणि ते काम मधुसूदनचं. मनकर्णाबाईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, “बाकी सगळं काढीन मी, लेकीसारखं करीन, पर नळी माझ्याच्यानं व्हायची नाय. माझा हात कापतो.” आता खुद्द नवऱ्याचा हात कापत नाही असं थोडंच होतं. पाटबंधारे खात्यातला तो हेडक्लार्क भर दुपारी स्कूटरवरून घरी येई, मोजक्या पाण्यात कोपरापर्यंत हात धुई, आणि नळी घालताना तिला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून भिंतीकडं बघत ऑफिसच्या गोष्टी सांगे. “जायकवाडी मृतसाठ्यात गेलं बरं का. लातूरला म्हणे रेल्वेनं पाणी.” खाली भांड्यात धार पडत असे. त्याच्या खात्यात याला विसर्ग म्हणत. सुरुवातीला ती त्यावरून हसायची, तोही हसायचा. एकदा मंत्र्यांचा दौरा निघाला आणि तो धरणावर अडकला. फोन लागेना. चार वाजता तिच्या डोक्यात कुणी कुदळ मारावी तसे घाव पडू लागले, डोळ्यांपुढं काळोखी आली, आणि मनकर्णाबाई रडत रडत तिला पदरानं वारा घालत राहिली. मधुसूदन धापा टाकत आला तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. त्यानं तिला मोकळं केलं आणि पलंगाच्या कडेला बसून तोंड झाकून घेतलं. त्या दिवसापासून तिनं पाणी कमी केलं. अर्धा ग्लास सकाळी, अर्धा जेवताना. डॉक्टर ओरडत, पाणी प्या, नाहीतर जंतू होतात. ती हो म्हणे. घरात नवा मोठा पिंप होता, त्याच्यावर झाकण, झाकणावर धुतलेलं फडकं. उन्हाळ्याच्या दुपारी ती त्या पिंपाकडं बघत पडून राहायची. घरातल्या पिंपाजवळ तहानेनं सुकणारी बाई, हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटलं असतं. तिनं सांगितलंच नाही. पाण्याचा प्रत्येक घोट म्हणजे मधुसूदनची एक फेरी, हा हिशेब तिच्या जिभेवर कायमचा बसला होता.

फोन वाजला. मधुसूदननं तो तिच्यापुढं धरला. पुण्याहून अमेय.

“आई, डॉक्टर काय म्हणाले ते बाबांनी सांगितलं. तू अजिबात हार मानायची नाहीस, कळलं? अंगठ्याचं नंतर कधीही करता येईल. पेशींचं वय असतं, उशीर झाला की उपयोग नाही.”

“जेवलास का तू?”

“आई, विषय बदलू नकोस.”

“विषय नाही बदलत. तुझा आवाज बसलाय.”

“तू उभी राहिलेली मला बघायचीय गं,” असं म्हणून त्यानं फोन ठेवला. कालिंदीलाही बघायचं होतं. चालायला कुणाला नको असतं? पण स्वप्नात ती कधी चालत नसे. स्वप्नात ती न्हाणीच्या मोरीत उकिडवी बसलेली असायची, एकटी, दाराला आतून कडी घातलेली. एवढंच स्वप्न. अशा स्वप्नाची चित्रफीत कोण काढणार, आणि मागं बासरी कोण वाजवणार.

“मी तुझ्यावर काही लादत नाही,” मधुसूदन म्हणाला. तो आता समोर, डॉक्टरांच्या स्टुलावर बसला. “पण तू विचार कर. जन्मभर मांडीला पिशवी बांधून बसणार? म्हणजे संपलंच की सगळं. आपणच मान्य केल्यासारखं होतं.”

“अहो, मला पाणी द्या.”

“अर्धा ना?”

“भरून.”

त्यानं घड्याळाकडं बघितलं. “आपल्याला घरी पोचायला…”

“माहितीये.”

मनकर्णाबाईनं पिशवीतून बाटली आणि स्टीलचा ग्लास काढला. मधुसूदननं तो काठोकाठ भरला आणि नेहमीसारखा तिच्या ओठांपाशी आणला. कालिंदीनं मान मागं घेतली, दोन्ही मनगटं पुढं केली. त्यानं ग्लास त्यांच्यामध्ये ठेवला, पण हात काढेना. “सोडा,” ती म्हणाली. त्यानं सोडला. ग्लास हलला, हनुवटीवरून पाणी गळ्यात, गळ्यातून ब्लाउजमध्ये गेलं, आणि ती प्यायली, थांबून थांबून, ग्लासात शिल्लक न ठेवता. इतकं पाणी एका वेळी ती किती दिवसांत प्यायली नव्हती. पोटात कुठंतरी एक घड्याळ सुरू झालं ते तिला जाणवलं, आणि भीतीही वाटली. पण जीभ ओली होती.

“मनकर्णाबाई, तुम्ही सांगा हो तिला,” मधुसूदन काकुळतीला आला.

“मी काय सांगू सायब? मी तं बोलले हाय देवीला. बाई चालल्या की पिशोर गावापस्तोर अनवाणी जाईन म्हनून. पाय आले की सगळं आलं, बाई.”

“आणि नाही आले तर तुमचे पाय वाचले,” कालिंदी म्हणाली. मनकर्णाबाईनं तोंडाला पदर लावला, पण डोळे हसले.

“चेष्टा नको करूस,” मधुसूदन म्हणाला. “मी दुपारी येतो, रात्री उठतो, कधी तक्रार केली?”

“नाही केलीत.”

“मग?”

“तेच तर. केली असती तर मी पोटभर पाणी प्यायले असते.”

त्याला ते कळलं नाही, किंवा इतकं कळलं की त्यानं ते बाजूला ठेवलं. तो गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढं झुकला. त्याचे केस मागच्या दोन वर्षांत विरळ झाले होते, ते तिला वरून दिसले. “तू चालावीस असं मला वाटतं,” तो म्हणाला, “यात माझं काय चुकतंय? तू पुन्हा पहिल्यासारखी…”

आणि तिच्या तोंडून ते गेलं. बोलायचं असं ठरवलं नव्हतं. “अहो, मी चालले म्हणून काही तो बॉलकॉक त्या रविवारी बसवून होणार नाही.”

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला. तिच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नसे. ती पडली त्याच्या आदल्या रविवारी तो बॉलकॉक बदलायचा होता. मधुसूदननं आणूनही ठेवला होता, स्वयंपाकघरातल्या फळीवर, खोक्यात. पेपर वाचता वाचता तो म्हणाला होता, येत्या रविवारी बसवतो. तिनं त्याला कधी काही म्हटलं नव्हतं, मनातसुद्धा नाही. रविवारी कुणीही पेपर वाचतं. पण ती दवाखान्यात असतानाच त्यानं पितळेचा, सगळ्यात भारी बॉलकॉक बसवला, आणि तेव्हापासून दर पाण्याच्या वारी तो गच्चीवर जाऊन टाकीत हात घालून बघतो. तिला पलंगावरून त्याची पावलं ऐकू येतात. शिडीच्या शेवटच्या पायरीवर ती थांबतात. तिथं तो काय बघत उभा राहतो, हे तिला न बघताही माहीत होतं. दिल्ली, पट्ट्या, पेशी, बासरी. तिचे पाय तिच्यापेक्षा त्याला हवे होते. ती उभी राहिली की तो रविवार पुसला जाणार होता.

“मी जरा च्या कुठं भेटतो बगते,” असं म्हणून मनकर्णाबाई पिशवीसकट बाहेर गेली.

मधुसूदन हलला नाही. त्याचा चेहरा तिनं इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता, कुणीतरी झाकण काढून ठेवल्यासारखा. बोललेलं गिळून टाकता आलं असतं तर तिनं त्या क्षणी गिळलं असतं. जिंकल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. तिला हात पुढं करून त्याचं मनगट धरावंसं वाटलं, आणि धरायला हातात काही नव्हतं. तिनं आपला पालथा हात त्याच्या गुडघ्यावर नेऊन ठेवला. तो पडला तसाच, जड. अंगठ्याला त्याच्या पँटचं इस्त्रीचं कापड लागलं. ही इस्त्री आता तोच करतो.

बऱ्याच वेळानं त्यानं खिशातून रुमाल काढला. तिच्या हनुवटीवरचं, गळ्यावरचं पाणी टिपलं. “गार लागेल,” एवढंच म्हणाला. बाहेर पारा बेचाळिसावर होता.

डॉक्टर आले. मधुसूदन स्टुलावरून उठला आणि पुन्हा खुर्चीच्या मागं जाऊन उभा राहिला. डॉक्टरांनी दोघांकडं बघितलं. मग तोच प्रश्न, तसाच, तिला. कालिंदी थांबली. सवयीनं थांबली. मागून आवाज येण्याइतकी जागा तिनं सोडली आणि ती जागा रिकामीच राहिली. पाठीमागं त्याचा श्वास होता फक्त. या रिकाम्या जागेची तिला एकाएकी धास्ती वाटली. आता बोलायला आपणच आहोत. फसलं तर दोष द्यायलाही आपणच. शिडीवरून पाय सटकला तेव्हासारखी एक क्षणभर ती अधांतरी झाली.

“मला अंगठा हवाय,” ती म्हणाली. “आणि पिशवी. मला तहान लागते, डॉक्टर.”

डॉक्टरांनी मान हलवली. घाई केली नाही. दोरी सुटू शकते, पकड कमीच येऊ शकते, आत्ता जमतं तेही काही महिने जमणार नाही, सगळं भरवावं लागेल. सगळं पुन्हा सांगितलं. “हमी देत नाही मी.”

“हमी कुणी मागितली,” ती म्हणाली. “तोटी मला उघडू दे, बंद करू दे. बाकी बघू.”

“उद्या सकाळी पहिलं तुमचंच घेतो.”

सिस्टर कागद घेऊन आली. मधुसूदनकडं बघून तिनं विचारलं, “पेशंट सही करतात का?”

“अंगठा घ्या,” कालिंदी म्हणाली. गल्लीपलीकडच्या वाचनालयातलं कपाटच्या कपाट वाचून झालेली बाई, शेवटी अंगठाबहाद्दर. सिस्टरनं शाईचा पॅड उघडून टेबलावर ठेवला. “काका, तुम्ही धरा त्यांचा.”

मधुसूदन पुढं आला. त्यानं तिचा हात उचलला, उलटा केला, अंगठा वेगळा काढला. शाई गार होती. अंगठ्याला ती कळली. कागद खाली सरकला. आता अंगठा कागदाच्या वर, जरासा अधांतरी. आणि तिथंच तो थांबला. कालिंदीला तो खाली नेता येत नव्हता. मनगट टाकलं असतं तर नुसता डाग पडला असता. त्याची दोन बोटं तिच्या नखावर होती, पण ती दाबत नव्हती. नळी घालताना ती कधी अशी अडली नव्हती. बुधवारची तिकिटं, अमेयचा बसलेला आवाज, तो रविवार, सगळं त्या दोन बोटांत येऊन थांबलं होतं. सिस्टरनं दुसऱ्या पायावर भार दिला. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. कालिंदी नुसती त्याच्याकडं बघत राहिली.

त्यानं मान वर केली. घसा साफ केला.

“दाबू का?” त्यानं विचारलं.

तिला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग कळलं, आलं.

“दाबा,” ती म्हणाली. “नीट दाबा. पुसट नको.”